उरलेलं उद्या

गमरे हवालदार कुणाचंही बोलणं पुरं होऊ द्यायचे नाहीत. समोरचा ऐन रंगात आला की हात वर करून म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. उरलेला उद्या सांग." आणि खरंच उठून चालू पडायचे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा तुरुंगात मी समुपदेशक म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात या माणसावर चिडले. जिवाचं बरंवाईट करून घेतील अशी धास्ती असलेल्या कैद्यांवर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. माणसाचं बोलणं मध्येच तोडू नये, हा माझ्या पदविकेतला पहिला धडा. हे गृहस्थ दिवसभर तेवढंच करत होते. "अहो गमरे, बोलू द्या ना त्याला," मी एकदा तणतणले. "बोलू देतो की मॅडम. उद्याला," ते म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

पुढे एका खलाशावरून मला उमज पडली. घरात मारामारी करून आत आलेला, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. गमऱ्यांनी त्याला वादळात सापडलेल्या बोटीची गोष्ट सांगायला लावली आणि ती अडीच महिने पुरवली. बोट बुडायला आली की नेमकी यांची ड्युटी संपायची. सकाळी तो खलाशी गजांपाशी येऊन उभा असायचा, "बाबा, काल कुठपत आलो होतो?" जामिनावर सुटून गेला तेव्हाही ती बोट पाण्यातच होती. "मानसाला उद्याचा एक काम असावा," गमरे मला म्हणाले, "लहानसा असला तरी चालतो."

ते मंडणगडकडचे. बुटके, पोट सुटलेलं, चालताना बूट घासायचे. कैदी जेवला का हे ते ताटाकडे बघून नव्हे, तर आमटीला नावं ठेवतो का यावरून ठरवायचे. शिव्या घालणारा कैदी त्यांना फार आवडे. "जेवन टाकलान, रडला, तरी मी घाबरत न्हाय," ते सांगायचे. "येकदम शांत झाला ना मॅडम, की मना भ्या वाटता." मी मान डोलावली होती. पुस्तकातही तेच लिहिलेलं होतं म्हणा. पण वाचलेलं आणि ऐकलेलं वेळेला आठवेल तर ना!

मग दत्ता आला. संगमेश्वरच्या आतल्या गावचा, चाळिशीचा, मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेला. बांधावरून भावाशी जुंपली आणि याच्या हातून भाऊ मेला. गमऱ्यांनी त्याला लहानपणापासून सुरुवात करायला लावली. दोघा भावांनी मिळून खेकडे कसे धरले, शाळा कशी बुडवली. चार महिन्यांत गोष्ट कशीबशी लग्नांपर्यंत आली होती.

तेवढ्यात गमऱ्यांची आई गेली. जलदानविधी आटपेपर्यंत ते गावी राहणार होते. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्त्याचा बांध यायचा हाय अजून. तो मी आल्यावर. तवर त्याला आमटीला शिव्या घालू द्या."

बुधवारी दत्ता आपण होऊन माझ्यासमोर बसला. "मॅडम, सगळा सांगून टाकू?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गमऱ्यांना चार महिन्यांत जमलं नाही ते माझ्यापाशी होत होतं. बांध, कोयती, भावाची शेवटची हाक, सगळं तो बोलला. ढसाढसा रडला, मग डोळे पुसले, हात जोडले. "आता बरा वाटता," म्हणाला. त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशीही तो सगळं ताट मुकाट्याने जेवला. मी अहवाल लिहिला, "मन मोकळे झाले. विशेष देखरेखीची आवश्यकता नाही." खाली सही केली. देखरेख उठली. शनिवारी दत्ता गेला.

गमरे सोमवारी आले. माझा कागद त्यांनी उभ्यानेच वाचला.

"सगळा सांगितलान?"

"हो."

"त्याचा काय न्हाय. सांगितलान ता बराच केलान." त्यांनी कागद पुन्हा वरपासून बघितला. "पन मंग शांत झाला आसंल ना?"

मी मान खाली घातली. त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. दत्ताच्या आईला गेटवरून आत आणायला तेच गेले. तिचा एक मुलगा दुसऱ्याने मारलेला, आणि दुसरा असा. तिने गमऱ्यांना विचारलं, "बाबा, तुमी व्हतात ना हितं?" ते "व्हय" म्हणाले. रजेवर होतो हे सांगितलं नाही, आणि माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

चौकशीत माझ्यावर काही आलं नाही. नोंदी चोख होत्या. गमऱ्यांनी मात्र त्यानंतर कुणालाच गोष्ट सांगायला लावली नाही. वेळच्या वेळी फेरी मारायचे, वहीत वेळ टाकायचे, पुढे जायचे. दीड वर्षाने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी हारतुरे झाल्यावर मी त्यांना गाठलं. माफी मागायला गेले होते, पण जीभ रेटेना. भलतंच विचारलं, "इतक्या वर्षांत तुमच्या हातून किती जण वाचले असतील हो?"

त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"वाचलेला कळत न्हाय मॅडम. तो घरी जातो. मेलेला तेवढा कळतो."

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या देखरेखीतला असा एकच कळला होता. तो माझ्या सहीने गेला.