लालबागच्या हिमालयात लाइटची ट्रायल

"हे सगळं विकायचंय," करंदीकर काका म्हणाले आणि त्यांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं. "सायकल बाहेर उभी केलीय. ग्लव्ह्ज, पंप, बाटली, सगळं आणलंय. आणि एक विनंती. अनघाला सांगू नका."

अनघा त्यांची मुलगी. दोघं ठाकूरद्वारला राहतात. काका बँकेतून रिटायर झाले तेव्हा तिनेच त्यांना आमच्या दुकानात आणलं होतं, माउंटन बाइक घ्यायला. माउंटन बाइक म्हणजे जाड टायरची, दगडधोंड्यांच्या वाटेवर चालणारी सायकल. दर दोन आठवड्यांनी बाप-लेक वांगणीच्या मागच्या टेकडीवर जायचे. संध्याकाळी वर चढायचं आणि अंधार पडल्यावर लाइट लावून उतरायचं. परत आले की काका सोमवारी दुकानात येऊन सगळी हकिगत सांगायचे. अशा माणसाने हेल्मेट काउंटरवर ठेवलं, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या कोपराची पट्टी दिसली.

"पडलात?"

"थोडासा."

"थोडासा कसा पडतो माणूस?"

ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले. "उतारावर एक चर होता. पाण्याने कापलेला, हातभर रुंद. त्या वाटेने मी वीसदा गेलोय. समोर लख्ख उजेड होता, अगदी दिवसासारखा, आणि तरी मला तो दिसला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ते म्हणाले, डोळे छान आहेत. मग आता काय राहिलं? वय."

"लाइट बदलून बघू या का?"

"लाइट उत्तम आहे," काका एकदम ताठ झाले. "अनघाने आणलाय. ऑफिसच्या कामाला परदेशात गेली होती, तिथून."

लाइट खरंच उत्तम होता. हेल्मेटवर बसवायचा, छोटा, हलका आणि डोळे दिपवणारा. मी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. मोडतोड नाही, बॅटरी ठीक.

आमचं दुकान परळला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात आहे. जिथे कापसाच्या गाठी उतरायच्या तिथे आता सायकली लटकतात. लाइट आणि सेफ्टी गियर हे माझं काउंटर. काकांना मी म्हटलं, सायकल ठेवून जा, जुन्या मालाची तपासणी करून मगच किंमत सांगता येते. ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"एरवी आम्ही घरात भेटतो ते जेवणाच्या टेबलावर. ती फोनमध्ये, मी बातम्यांमध्ये. त्या टेकडीवर मात्र ती बोलते हो. सगळं सांगते. पण मी पडायला लागलो, तर तिने माझ्याकडे बघत सायकल चालवायची का?"

आणि गेले.

आमचे मालक हेमंत सर आतून ऐकत होते. पूर्वी आयटीत होते, सायकलच्या वेडापायी नोकरी सोडली. माणूस चांगला, पण स्टॉक पडून राहिला की त्यांना झोप येत नाही.

"चित्रा, सोपं आहे. तो मोठा लाइट दे त्यांना, सगळ्यात जास्त लुमेनवाला. तीन पडलेत आपल्याकडे."

लुमेन म्हणजे लाइटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं माप. तो उजेड कुठे पडतो, हे लुमेन सांगत नाही.

"सर, ते म्हणतायत दिवसासारखा उजेड होता. उजेड कमी नव्हताच."

"मग?"

"मग कळत नाहीये."

मला खरंच कळत नव्हतं. मी तो लाइट लावून दुकानाच्या मागच्या खोलीत फिरले. खोली अर्धवट अंधारी, फरशी गुळगुळीत. त्यात काय कळणार? मला पुरता काळोख हवा होता आणि खाचखळगे हवे होते. परळ-लालबागमध्ये खाचखळगे भरपूर, पण काळोख मिळत नाही. गल्लीत दिवे, दुकानात दिवे, समोर काचेचे टॉवर, त्यांच्यावर रात्रभर दिवे.

तेव्हा मला सदूभाऊ आठवले.

माझे वडील विणकर. संपात त्यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. कामगारांच्या नाटकांना ते हौसेने लाइट लावायचे. ती हौस पोटाला उपयोगी पडली. लालबागच्या एका मंडपवाल्याकडे त्यांनी लाइटचं काम धरलं. मी त्यांच्या मागे वायरी ओढत मोठी झाले, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, काही वर्षं नाटकांचे लाइट सांभाळले आणि मग या दुकानात आले. तो मंडपवाला म्हणजे सदूभाऊ. गणपतीचे देखावे उभे करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मूळचे मालवणचे, आणि सत्तरीतही भाषेला मुंबई लागलेली नाही.

मी फोन केला.

"गो बाय, इतके दिवस खंय होतंस?"

"सदूभाऊ, तुमचा हिमालय आहे का अजून?"

"आसा मां. गोडाउनात पडलो हा. बर्फ थोडो झडलो. कोणाक व्हयो?"

"सायकलवाल्यांना."

सायकलवाल्यांना, असं त्यांनी एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "चढतले काय?"

"नाही हो, नुसता बघायचाय. अंधार करून."

"मगे ये. काळो कपडो व्हयो तेवढो आसा."

काकांना मी सांगितलं, लाइटची ट्रायल घ्यायची आहे, तुम्ही समोर हवेत, बुधवारी दुपारी लालबागला या. तेवढ्यात अनघाचाही फोन आला. "ताई, बाबांची सायकल घरात नाही. सर्व्हिसिंगला दिली म्हणतात. खरं आहे का?" काकांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता आणि तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "सायकल माझ्याकडे आहे. बाकीचं त्यांनाच विचार. बुधवारी दुपारी ते लालबागला असतील." पत्ता दिला आणि फोन ठेवला.

बुधवारी गोडाउनमध्ये शिरल्यावर काकांनी मान वर केली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टर, त्यावर रंग. दोन पुरुष उंचीचा हिमालय. कडे, दऱ्या, कपारी, आणि पायथ्याशी प्लायवूडचा लांब उतार. देखाव्यात त्या उतारावरून चाकांचा नंदी खाली यायचा. हेमंत सरही काकांची सायकल घेऊन आले होते, बघतो काय करतेस ते, असं म्हणत. सदूभाऊंनी खिडक्यांवर काळं कापड सोडलं, पत्र्याच्या फटी बुजवल्या आणि शटर ओढलं. भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी कळणार नाही, असा काळोख झाला.

काकांना हेल्मेट घालायला लावलं. त्यांचा लाइट लावला. हिमालय झगझगीत उजळला.

"काय दिसतंय?"

"डोंगर. पांढरा."

"उंचसखल?"

काका दोन पावलं पुढे गेले. "सपाटच वाटतोय. भिंतीवर रंगवल्यासारखा."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं. नाटकात आम्ही नटाच्या तोंडावर थेट समोरून लाइट मारत नसू. तसा मारला की नाक, गाल, हनुवटी सगळं एक होतं आणि चेहऱ्याची पोळी दिसते. आम्ही लाइट बाजूने द्यायचो.

पिशवीतून मी एक साधा, मध्यम ताकदीचा लाइट काढला. हँडलवर लावायचा. त्याला बार लाइट म्हणतात. "काका, तुमचा बंद करा." मग वाकून कमरेच्या उंचीवर, सायकलचं हँडल असतं तिथे, तो धरला आणि बटण दाबलं.

हिमालय एकदम जागा झाला. प्रत्येक खडकाच्या मागे काळी सावली उभी राहिली. कपारी दिसल्या, कडे दिसले. आणि प्लायवूडच्या उताराच्या मधोमध एक आडवा काळा पट्टा उमटला.

"अरे!" काका ओरडले. "इथे तर चर आहे!"

"नंदीचा चाक अडवची खाच ती," सदूभाऊ अंधारातून म्हणाले. "मगाशी तुम्ही तिच्यारच बघीत होतास."

मग मला ते नीट सांगता आलं. लाइट डोक्यावर, म्हणजे डोळ्यांच्या अगदी जवळ असला की दगडाची सावली बरोबर दगडाच्या पाठीमागे लपते. आपल्याला ती दिसतच नाही. सावली दिसली नाही की डोळ्याला खोली कळत नाही. लाइट खाली असला की सावली उघडी पडते. चराच्या अलीकडच्या काठाची सावली पलीकडच्या भिंतीवर पडते, आणि ती काळी रेघ सांगते, इथे सांभाळ.

"म्हणजे माझे डोळे..." काका म्हणाले.

"डोळे ठणठणीत. वयाचाही काही संबंध नाही. त्या दिवशी तुमच्या जागी पंचविशीतला मुलगा असता तरी पडला असता."

काकांनी हेल्मेट काढून त्यावरच्या लाइटवरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे लाइटमुळे पडलो, आणि मी सायकल विकायला काढली. बाई, हे मात्र अनघाला कळता कामा नये. तिने किती हौसेने आणलाय तो. तिला सांगू, माझा तोल गेला. तोल गेला म्हटलं की संपलं."

"कळलं, बाबा," शटरच्या बाजूने आवाज आला.

लाइट वळवला तर अनघा उभी. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात, आवाज नको म्हणून चपला हातात. बाजूच्या छोट्या दारातून, तिथल्या काळ्या कापडाआडून आली होती आणि अंधारात कशाला तरी ठेचकाळू नये म्हणून तिथेच थांबली होती.

"तुम्ही सायकल विकायला काढलीत?" तिने चपला खाली टाकल्या. "एका लाइटसाठी?"

"अगं, लाइटसाठी नाही..."

"मग कशासाठी?"

काकांनी हातातलं हेल्मेट पाठीमागे नेलं. शेवटी म्हणाले, "तुला वाईट वाटू नये म्हणून."

"बाबा, मला पन्नास लाइट मिळतील."

 तिने जवळ जाऊन त्यांच्या कोपराची पट्टी बघितली. सदूभाऊंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हेमंत सर एका कड्याचं प्लास्टर फार बारकाईने तपासत होते.

मग मीच म्हटलं, "लाइट फेकायचा नाहीये. त्याची जागा ठरवायची आहे."

बार लाइट सायकलला लावला. तो मुख्य. अनघाचा लाइट हेल्मेटवरच ठेवला, पण सगळ्यात मंद करून. हँडल सरळ असताना बार लाइट सरळच बघतो. वळणावर मान आधी वळते, तेव्हा हेल्मेटचा लाइट वळणापलीकडे पोचतो. दोघांची कामं वेगळी.

"मंद केला तर चालेल?" काकांनी तिला विचारलं. परवानगी मागितल्यासारखं.

"विझवलात तरी चालेल."

काका सायकलवर बसले. प्लायवूडच्या उतारावरून सावकाश खाली आले, खाचेपाशी हलकेच पुढचं चाक उचललं आणि पार झाले. परत वर. परत खाली. तिसऱ्या वेळी त्यांनी घंटी वाजवली. चौथ्या वेळी त्यांची नजर वरच्या चढावर गेली.

"ओ काका, कैलासार चढू नकात!" सदूभाऊ धावले. "फुटतलो!"

अनघा खाली पोत्यावर बसून हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती. मग हेमंत सर म्हणाले, "एक मिनिट, मला पण एकदा द्या," आणि मालकांनीही नंदीच्या वाटेने दोन फेऱ्या मारल्या.

दुकानात आल्यावर खरेदी झाली. सरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून मोठा लाइट खोक्यातून काढून ठेवलाच. मी काकांना सांगितलं, खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा पहिल्या काही मिनिटांचा असतो. लाइट तापला की स्वतःच मंद होतो. आपल्याला मध्यम उजेड पण शेवटपर्यंत टिकणारा हवा, आणि झोत रुंद हवा, म्हणजे वाटेच्या दोन्ही कडा दिसतात. सरांनी मोठा लाइट परत खोक्यात ठेवला. बाकी गियरमध्ये पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड आणि पारदर्शक काचांचा गॉगल. अंधारात लाइट बघून किडे थेट डोळ्यांकडे येतात. मागे लाल लाइट, आणि खिशात एक छोटा जादा लाइट, कारण बॅटरी संपताना आधी कळवत नाही.

पुढच्या शनिवारी मलाही वांगणीला नेलं. सूर्य बुडाला आणि आम्ही उतरायला लागलो. काका पुढे, अनघा मध्ये, मी मागे. चर आला. काकांनी वेग कमी केला, एक हात वर केला आणि टेकडीवरचे पक्षी उडतील अशा आवाजात ओरडले, "चर!" मग ते पलीकडे गेले. आम्हीही गेलो. खाली पोचेपर्यंत अनघा बोलत होती. ऑफिस, नवी साहेबीण, एक मुलगा आवडलाय, तो सायकल चालवत नाही, शिकवावा लागेल. काका "हं, हं" करत होते. त्या मुलाचं नाव मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

काका अजून येतात. सायकल विकायची भाषा परत निघाली नाही. त्यांच्या ओळखीच्या चार रिटायर्ड मंडळींनी आमच्याकडून सायकली घेतल्या, त्यामुळे हेमंत सरही खूश. ते मोठे तीन लाइट अजून तसेच आहेत.

मी एवढंच शिकले. कोणी "मला दिसत नाही" म्हणून आलं, तर मी जास्त उजेड विकायला धावत नाही. आधी विचारते, लाइट लावलाय कुठे. आणि लाइट भेट मिळालेला असेल, तर भेट देणाऱ्याला आधी बाहेर चहा प्यायला पाठवते. त्याशिवाय खरं उत्तर मिळत नाही.