चुंबळ नसलेली कोळीण

माझी सासू ठमीबाई कुणाचं ऐकून घेईल, ही आशा मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली. चाळीस वर्षं तिने मुरुडहून तळा गावच्या बाजारापर्यंत एसटीने मासळी नेली आणि वासाची कुरकुर करणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या तिथे सुनावलं.

गावाबाहेरच्या टेकावर, समुद्राकडे तोंड करून, तीस फुटी लोखंडी कोळीण उभी करायचं ठरलं. शिल्पकार कल्पिताबाईंनी चेहरा आमच्या आयचाच, म्हणजे माझ्या या सासूचाच, घेतला. उद्घाटनाची दोरीही तीच ओढणार होती. आदल्या दिवशी बाजार उरकून, उरलेल्या बांगडा मासळीची पाटी डोक्यावर तशीच घेऊन, ती माझ्याबरोबर पुतळा बघायला चढली.

एकदाच वर बघितलं आणि पाटी उतरवून फतकल मारून बसली. म्हणाली, दोरी ओढणार न्हाय. पुतळ्याच्या डोक्यावर पाटी होती, पण खाली चुंबळ नव्हती. डोकं आणि पाटी यांच्यामध्ये ठेवायची कापडाची ती गुंडाळी, तीच करायला कल्पिताबाई विसरल्या होत्या. आता येणारी-जाणारी प्रत्येक होडी हेच बघणार.

"सुचिता, कोळीवाड्यातल्या बायका म्हनतील, ठमीला पाटी उचलता येत न्हाय. मेल्यावरपन लाज वाटंल गं मला." तिचे डोळे भरले. तिला रडताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

तयारीसाठी कल्पिताबाईंबरोबर वर आलेले पुतळा समितीचे अध्यक्ष भिकूशेठ समजूत घालू लागले. खालून कुणाला दिसतंय, पत्रिका वाटून झाल्यात, पाहुणे मुंबईहून निघालेत. कल्पिताबाईही म्हणाल्या, चुंबळीने आकार बिघडतो.

आय उठली. आपली पाटी तिने कल्पिताबाईंच्या केसांवर नुसतीच ठेवली आणि चालायला सांगितलं. बाई हट्टाने निघाल्या. दहाव्या पावलाला मान आखडली, पाटी दोन्ही हातांनी धरून मटकन खाली बसल्या. मग आयने आपली चुंबळ झटकली, पुन्हा नीट वळली, त्यांच्या टाळूवर बसवली आणि वर पाटी चढवली. पंधरा वर्षांत माझ्या टाळूवर कधी ठेवली नाही हो! जळलेच मी. कल्पिताबाई टेकाच्या टोकापर्यंत गेल्या, एक हात सोडून परत आल्या आणि पाटी उतरवताच फोन लावला. क्रेन पुन्हा टेकावर पाठवा, चुंबळ बसवायचीय, आठ दिवस लागतील.

भिकूशेठनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांना आता काय सांगू, म्हणाले.

आयने बांगडे फडक्याने झाकले.

"सांगा, ठमीचं डोकं दुखतंय. थांबलं की येते दोरी ओढाया."