होम लँग्वेज

"मग तूच जायचं होतंस मिटिंगला," उज्ज्वला म्हणाली. "मिस काय बोलते ते कळलं असतं का तुला?"

"आज गेले तर कळलं ना. गुजरातीत बोलली ती माझ्याशी; इथं राहून तेवढं येतं मला." शोभाचा साडीवर टिकल्या चिकटवणारा हात थांबला नव्हता. "मला म्हणते, मयुरीच्या मम्मी तर दर वेळी येतात. तुम्ही कोण?"

छगननं ताटावरून मान वर केली नाही. बारावी झालेल्या वहिनीला, उज्ज्वलाला, मयुरीची आई म्हणून शाळेत पाठवायचं त्यानंच ठरवलं होतं. इंग्रजी शाळेत आपली बायको शोभा दिसायला नको, एवढंच.

दिवाळीनंतरच्या मिटिंगहून उज्ज्वला मिसचा हुकूम घेऊन आली होती: पोरीशी घरात इंग्रजीच बोलायचं. तेव्हापासून शोभानं तोंड उघडलं की कुणीतरी 'शू' करायचं. पोर आईची कूस सोडून मोठ्या मायकडे, उज्ज्वलाकडे, झोपायला लागली. शोभा मुकाट तिची वेणी घालायची.

"होम लँग्वेज बोला, असं म्हणाली मिस," उज्ज्वला म्हणाली. "होम म्हणजे घर. घरात इंग्लिश बोला, दुसरं काय?"

"होम लँग्वेज म्हणजे घरची भाषा. आपली. पोर वर्गात तोंडच उघडत नाही, आईनं तिच्याशी खूप बोलावं, असं म्हणाली होती ती. तुम्ही माझंच तोंड बांधलंत."

"अहिराणी बोलून कोण कलेक्टर झालंय?" छगन म्हणाला. "आणि तिथे काय दिवे लावलेस? टिकल्या लावते म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं."

"आता मिसला मी काय तोंड दाखवू?" उज्ज्वला म्हणाली.

"नका दाखवू. माझं दाखवून आलेय मी."

दारात मयुरी उभी होती. उज्ज्वलानं हात पुढे केला. "कम, बेबी."

शोभानं मांडीवरची साडी बाजूला सारली. "मयू, भूक लागनी का तुले?"

"शू," छगन म्हणाला.

मयुरीनं आधी बापाकडे पाहिलं, मग मोठ्या मायकडे. मान हलवली, पण हो की नाही ते कुणालाच कळलं नाही.

शोभा उठली. जावेच्या खोलीतून मयुरीची उशी घेऊन आली आणि आपल्या अंथरुणावर टाकली. इतका वेळ ती जावेसारखं शुद्ध मराठी बोलत भांडत होती. आता ते तिनं सोडलं.

"मन्ही आंडेर, मन्ही पोर, आजपासून मन्हापाशी निजी. तिनासंगे मी अहिराणीच बोलसू. आन् शनवारनी मिटिंगले मी जासू."