चिमणीच्या आधीची उडी

घोड्यावर बसणारी माणसं खानदेशात पुष्कळ आहेत, पण घोडीला उडी मारायला लावण्यापूर्वी तीच उडी स्वतः मारून पाहणारा माणूस अख्ख्या मुलखात एकच झाला, आणि तोच माझा व्याही निघाला. धरणगावाकडचे कपाशीचे शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे, सगळे त्यांना नाना म्हणत. मी जळगावचा शाळामास्तर. त्यातून मुलीचा बाप, म्हणजे त्यांच्यापुढे मान डोलावण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय जगात कुठे काही बिघडलं की ते आपल्यामुळेच, असं वाटण्याचा माझा जन्मजात स्वभाव. नानांच्या सोबतीत या स्वभावाला कधी उपास घडला नाही.

सोयरीक ठरवायला ते आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा फाटक उघडं असूनही तुराट्यांच्या कुंपणावरून उडी मारून आत उतरले. आमची ही दारातच थबकली. मला आत ओढून म्हणाली, "अहो, हे मुलीला नांदवतील की उडवतील?" बाहेर नाना कुंपणाची उंची हाताने मोजत होते. त्यांच्या घोडीचं नाव चिमणी. चांगली थोराड, काळीभोर घोडी. तिला चिमणी म्हणणारा माणूस कसा असेल ते नावावरूनच कळावं. तिच्या तोबऱ्यातला हरभरा आधी ते स्वतः चावून बघत. बांध असो, चर असो, पाठीवर सरकीचं पोतं बांधून आधी स्वतः उडी मारत. पोतं कशाला, असं मी एकदा विचारलं, तर चिडले. "तीबी माले पाठवर लीसनच उडस ना, इवाई!" इवाई म्हणजे व्याही. "मन्हा पायले जे माहीत नही, ते तिना पायले कसं सांगू?"

धुळ्याला हिवाळ्यात घोडेस्वारांची स्पर्धा भरे. पहिल्या दिवशी घोड्याची चाल आणि शिस्त, दुसऱ्या दिवशी ओढे, बांध, कुंपणं ओलांडत रानदौड, तिसऱ्या दिवशी मैदानातल्या उड्या. स्पर्धेचे दोन वर्ग, लहान अडथळ्यांचा आणि मोठ्या अडथळ्यांचा. लहान वर्ग नाना हटकून जिंकत. शेवटी स्पर्धा भरवणाऱ्या नव्या साहेबाने नियमच काढला: लहान वर्ग जिंकलेल्याने मोठ्यात यावं, नाहीतर घरी बसावं. नानांनी ऐटीत मोठ्या वर्गात नाव दिलं आणि रानदौडीच्या आदल्या संध्याकाळी मला घेऊन दौडीची वाट पायी तपासायला निघाले. मी त्यांचा कोट हातात घेऊन मागे.

पहिले अडथळे पोत्यासकट झाले. मग पोतं माझ्या पाठीवर आलं. मग आला नाला. काठावर छातीइतके रचलेले ओंडके, आणि पलीकडे एकदम खोल पाणी. नाना धावत गेले आणि ओंडक्यांवर छातीने आपटले. पुन्हा गेले, पुन्हा आपटले. अखेर पोटावर सरपटत वर चढले आणि पलीकडे धप्पकन पाण्यात पडले. पोलिसांचा एक हवालदार ओरडला, "नाना, उद्या चिमणी तुमच्या पाठीवर बसणार का?" सगळे हसले. नाना नाल्यातून निथळत वर आले आणि तिथेच बसले.

"नाव काढी टाका, इवाई."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. घोडीचे पाय शाबूत, व्याह्यांची मान शाबूत, माझी मुलगी सासरी सुखात. त्या आनंदात, केवळ समजूत काढावी म्हणून, मी बोलून गेलो, "मनाला लावून घेऊ नका, नाना. तिला चार पाय आहेत. तुम्हाला दोनच."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडे बाभळीला बांधलेल्या चिमणीच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि उठून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या नाव."

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. घोडीचा पाय मोडला तर तो माझ्या जिभेने मोडला! सकाळी मी नाल्याकाठी जाऊन उभा राहिलो. टापा ऐकू आल्या. बाभळींमागून चिमणी सुसाट आली. प्रत्येक उडीला "उड!" म्हणून गर्जणारे नाना आज गप्प होते. लगाम सैल, डोळे घट्ट मिटलेले. ओंडक्यांपाशी तिने कान टवकारले, क्षणभर अंग चोरलं, आणि उडाली! मी ओरडलो, हवालदारही ओरडला. पाण्याचा लोट उसळला, नानांचा फेटा वाहत निघाला, आणि त्या लोटातून चिमणी वर आली, पाठीवर नाना! मी मास्तरकी विसरून अनोळखी माणसाला मिठी मारली.

पुढचे अडथळेही ती निर्दोष पार करून गेली. शेवटच्या झेंड्यापाशी मी धापा टाकत पोहोचलो, तेव्हा नाना खाली उतरून तिच्या चारही पायांवरून हात फिरवत होते. लोक पाठ थोपटत होते, त्यांना त्याचं भान नव्हतं.

"ती एकलीच गयी, इवाई," ते हळूच म्हणाले. "मी नुसता वर बठेल व्हतू."

मी त्यांच्या उघड्या, ओल्या डोक्यासाठी माझा रुमाल पुढे केला. आदल्या दिवशी बोललो तेवढं पुष्कळ होतं. राहुटीकडे परतताना त्यांनी लगाम तिच्या मानेवर टाकून दिला. ती सावकाश पुढे चालू लागली. मी तिला धरायला पाऊल उचललं, तर त्यांनी माझा हात धरला.

"हळू चाला. तिले पुढे जाऊ द्या."