सम्पचे झाकण आणि गरब्याचा घेर

१२ जानेवारी, रविवार, सकाळी साडेनऊ. तरसालीतील एका सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर दोन बायका भांडत होत्या आणि बाकीचे रहिवासी माझ्याकडे पाहत होते. उत्तरायण तोंडावर आले असल्याने काही पुरुष आकाशातल्या पतंगांकडेही पाहत होते.

मी पाणीपुरवठ्यातील निवृत्त इंजिनिअर. आता पालिकेचा सल्लागार म्हणून काम करतो. या सोसायटीत घरांच्या दोन रांगा आहेत. पुढच्या रांगेला पाणी मिळे. मागच्या रांगेपर्यंत प्रेशर पोहोचत नसे. त्यावर उपाय म्हणजे सम्प, अर्थात जमिनीखालची टाकी. लाइनचे पाणी तीत साठवायचे आणि पंपाने मागे द्यायचे. त्यासाठी जागा एकच होती, हा कॉमन प्लॉट.

एरवी आम्ही थेट खोदकाम सुरू केले असते. परंतु आमचे तरुण साहेब युरोपातील लहान शहरे पाहून आले होते. तेथे बागेतला बाक हलवायचा असला तरी नागरिकांना विचारतात म्हणे. त्यांचा आदेश स्पष्ट होता: रहिवाशांनीच ठरवावे, आज संमती झाली नाही, तर सम्प दुसऱ्या सोसायटीला. मला ही पद्धत वेळखाऊ वाटली. तसे मी त्यांना सांगितलेही.

तथापि, काम करायचे तर नीट करावे. नकाशा सर्वांना वाचता येत नाही. म्हणून मी पेव्हर ब्लॉकवर फक्कीने सम्पचा पूर्ण मापाचा चौकोन आखून घेतला. झाकणाच्या जागी एक स्टूल ठेवले. झाकण जमिनीपासून दीड फूट उंच असते, कारण पावसात तुंबलेले पाणी आत शिरता कामा नये. त्याभोवती कुंपण, कारण पिण्याच्या पाण्यावर कोणी चपला घालून चढता कामा नये.

पुढच्या रांगेतील जागृतीबेन स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, हे आमच्या गरब्याच्या घेरात येतंय. पाणी हवं, पण गरबोय जोईए!"

"गरबा नऊ रात्रींचा," मागच्या रांगेतील शिर्केबाई उसळल्या. "मी वर्षभर पहाटे उठून मोटर लावते. बादली भरेपर्यंत नवऱ्याची शिफ्टची बस निघून जाते."

"आणि नवरात्रीत सगळ्यात पुढे कोण नाचतं? तुम्हीच ना, शिर्केबेन!"

लोक हसले. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. वयामुळे ते मलाच सर म्हणतात.

"सर, हात वर करायला सांगा आणि फोटो पाठवा."

"दोन रांगा, हात समसमान पडतील. फोटोचा उपयोग नाही."

मी फोन ठेवला आणि बायकांना म्हणालो, "घेर कसा असतो, ते चालून दाखवा."

त्या आधी लाजल्या, मग टाळ्या देत फिरू लागल्या. स्टुलाला पहिली ठेच शिर्केबाईंनाच लागली.

"लागलं का पाणी?" जागृतीबेनांनी विचारले. शिर्केबाई पाय चोळू लागल्या.

मी घेराकडे पाहत होतो. मध्यभागी कोणीच पाऊल टाकत नव्हते.

"मध्ये काय असते?"

"मांडवी. माताजींचं छोटं देवघर," जागृतीबेन म्हणाल्या. "दरवर्षी दोन टेबलं जोडून ठेवतो. डुगडुगतात मेली."

"तेथे पक्का ओटा असला तर?"

"मग आणखी शुं जोईए, साहेब!"

"त्यावर चपला घालून कोणी चढेल?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "साहेब, मांडवीची जागा आहे ती!"

मी स्टूल उचलून मध्यभागी ठेवले: सम्पचे उंच झाकण हाच मांडवीचा ओटा. टाकी काही मीटर सरकवण्यात अडचण नव्हती. एक अट घातली: टाकी नवरात्रीच्या आधी धुवायची, त्या नऊ दिवसांत झाकण उघडायचे नाही. बायका पुन्हा फिरल्या. कोणालाही ठेच लागली नाही. मग हात वर करायला सांगितले. शिर्केबाईंनी दोन्ही केले.

साहेबांना फोन लावला.

"म्हणजे डिझाइन बदलावं लागेल, सर?"

"बदलले. कुंपणही काढले."

सम्प पावसाळ्यापूर्वी सुरू झाला. शिर्केबाईंनी मोटर काढून टाकली. त्या ओट्यावर चपलेचा ठसा मी अजून पाहिलेला नाही. लोकांना विचारल्याने काम लवकर होते, असे मी म्हणणार नाही. झालेले काम पुन्हा उकरावे लागत नाही, एवढेच.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी फक्कीचा जुना चौकोन धुऊन टाकला. पाण्याची बादली पुढच्या रांगेतून मागवली.