सिरियलमधल्या म्हाताऱ्याचं सुतक

सुपरहिरोंच्या सिनेमांबद्दल मला मतं आहेत आणि ती मी कोणी न विचारता देते. जैनथच्या मंडल ऑफिसात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, दिवसभर शेताच्या कागदांच्या नकला काढायच्या, आणि शनिवारी संध्याकाळी आदिलाबादच्या टॉकीजमध्ये जाऊन बसायचं, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. आमच्याकडे हे सिनेमे तेलुगूत येतात. अमेरिकेतल्या कुठल्याशा उंच इमारतीवरून खाली पडता पडता तो दणकट गडी शुद्ध तेलुगूत ‘अम्मा’ म्हणून ओरडतो आणि मागच्या रांगा शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतात. मीही मारते शिट्टी. काऊन नाही मारायची?

पण प्रेम आहे म्हणून डोळे मिटलेले नाहीत. जग वाचवायला निघतात आणि अर्धं शहर पाडून ठेवतात. मग तो मलबा कोण उचलतं? पंचनामा कोण करतं? महसूल खात्यात काम करणाऱ्या माणसाला हे प्रश्न पडणारच. आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर मेलेले परत येतात त्याची. एका भागात तो मरतो, मी मनापासून रडते, दुपट्टा भिजवते, आणि पुढच्या भागात हा बाबा दाढी करून दारात उभा! अरे, मेलास तर मेलेला राहा ना बाप्पा. आम्ही रडलो ते काय फुकट होतं का?

आईचं खातं वेगळं. तिला सिरियल लागते. मराठी चॅनलवरची, रोज संध्याकाळी आठची. त्यातली माणसं बोलतात पुण्याची भाषा, आम्ही बोलतो आमची. त्यांनी आमचं ‘करून राह्यलो’ ऐकलं तर हसून लोळतील, पण आई त्यांच्यासाठी जीव टाकते. मी शेजारी बसून टीका करते. एक थोबाडीत मारली तर ती तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. बाया झोपतात ते नथ घालून. नवरा अपघातात गेला की वर्षभराने दुसरंच तोंड लावून येतो आणि बायकोला म्हणे त्याच्या नजरेवरून ओळख पटते.

“तुही माणसं उडतात थे चालते तुले,” आई म्हणायची, “आन् माह्या बाईनं नथ घातली त चालत नाही.”

मी रिमोट तिच्याकडे सरकवून द्यायचे.

त्या वर्षी माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा राज्याच्या हद्दीपलीकडचा, किनवटचा, शाळेत गणित शिकवणारा. त्याआधी तीन-चार ठिकाणी माझं गाडं सिनेमापाशीच अडलं होतं. एकाने तर तोंडावर सांगितलं होतं, ‘लग्नानंतर हा पोरकटपणा बंद करावा लागेल.’ मी त्याला चहा संपवू दिला आणि नमस्कार केला. या गणितवाल्याने मात्र पहिल्याच फोनवर विचारलं, “शेवटची नावं संपेपर्यंत बसता की आधीच उठता?” मी म्हटलं, झाडूवाली लाइट लावून ‘उठा ना मॅडम’ म्हणेपर्यंत बसते. तो म्हणाला, तोही. मग आम्ही मेलेल्यांवरून भांडलो. त्याला ते परत आलेले आवडतात. चुकीचं मत, पण मत तरी होतं! फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते आणि मी एकटीच हसत होते. हे लग्न मला हवं होतं. अगदी तोंड उघडून सांगते, हवंच होतं.

अडचण होती त्याच्या आईची. माझा मामा मध्ये पडून सगळं जमवत होता, त्यानेच बजावून ठेवलं होतं, “बाई रीतभातीची आहे. देवाधर्माले लय कडक. रविवारी सुपारी फोडाले येऊन राह्यले. काही चुकलं न, त सुपारी पिशवीतून निघाची नाही, सांगून ठेवतो.”

सुपारी फुटली की सोयरीक पक्की. इतकं साधं होतं सगळं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी सिरियलमधला म्हातारा मेला.

म्हातारा म्हणजे त्या घरातला सासरा. पांढरं धोतर, सगळ्यांना समजावून सांगणारा, सुनेची बाजू घेणारा. अंगणात तुळशीला पाणी घालता घालता कोसळला. तिरडी, खांदे, अग्नी, सगळं सावकाश दाखवलं. मी शेंगा फोडत बसले होते. म्हटलं, “येईल गं परत. पैसे वाढवून मागितले असतील त्याने, म्हणून मारला.”

आई उठली, टीव्ही बंद केला आणि न्हाणीत गेली. बाहेर आली ती डोक्यावरून आंघोळ करून, केसांतून पाणी गळत. मला वाटलं उकाडा आहे, म्हणून केली असेल.

शनिवारी सकाळी देवापाशी दिवा नव्हता. देवांना आंघोळ नाही, फूल नाही. दुपारी ताटात नुसतं पिवळं वरण, वर फोडणीचा थेंब नाही. मी विचारलं, मोहरी संपली का? आई म्हणाली, “सुतक आहे.”

“कोणाचं?”

तिने बंद टीव्हीकडे हात केला.

माझा घास हातातच राहिला. आधी मला हसू आलं, मग तिचा चेहरा पाहून हसू पळालं. आमची आई म्हणजे अडाणी बाई नव्हे. शाळेत नोकरी करून निवृत्त झालेली, बँकेची कामं स्वतः करणारी, जादूटोणा म्हटलं की हाकलून देणारी. आणि ही बाई पगार घेऊन मरणाऱ्या नटाचं सुतक धरून बसली होती! मी म्हटलं, “आई, तो माणूस आत्ता घरी वडापाव खात असेल.” ती म्हणाली, “खाऊ दे.” मी म्हटलं, “उद्या पाहुणे येऊन राह्यले.” ती म्हणाली, “येऊ दे.” मी रागावले, विनवलं, मामाला फोन लावायची धमकी दिली. ती आपलं वरण कालवत राहिली. संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली की हे सगळं मला चिडवायला चाललंय, सकाळी उठून ती मुकाट्याने कढई चढवेल.

नाही चढवली. रविवारी पोह्यांची फोडणी मीच दिली. तेल जास्त तापलं, मोहरी जळली, कांदा काळा झाला. आई इस्त्रीची साडी नेसून बैठकीत बसली होती, पण कपाळ रिकामं. बाबा गेल्यावरही ती बारीक काळी टिकली लावायची, त्या दिवशी तीही नव्हती. देवघराचा पडदा मी ओढून घेतला आणि मामाला यातलं काहीच सांगितलं नाही. म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, निभावून जाईल.

पाहुणे आले. तो, त्याची आई आणि त्यांना घेऊन माझा मामा. बोलणं छान चाललं. माझे जळके पोहे त्याने दुसऱ्यांदा मागून घेतले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग त्याच्या आईने पिशवीतून सुपारी आणि नारळ काढला आणि म्हणाली, “आधी देवापुढं ठेवतो, मंग फोडू.”

मी उठेपर्यंत तिने पडदा सारला होता.

परवाची सुकलेली फुलं, कोरडे देव, विझलेली समई. ती बाई तिथेच थबकली. वळून तिने आईच्या कपाळाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“ताई, घरात काही झालं का?”

काही नाही म्हण, काही नाही म्हण, मी मनात जप करत होते. आई म्हणाली, “हो. परवा गेले.”

त्या बाईने सुपारी परत पिशवीत टाकली आणि पदर सावरला. “आमाले फोन तरी कराचा होता, ताई. सुतकात कोणी सुपारी फोडते का?” मामा तर पांढरा पडला. त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरात कोणीतरी गेलं आणि त्याला पत्ता नाही! “कोण गेलं? अवो, कोण गेलं?” तो नुसता विचारत सुटला. पाहुणीबाईने दाराकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. मला माझं लग्न डोळ्यांदेखत उंबरठा ओलांडताना दिसलं आणि मी ओरडले,

“सिरियलमधला म्हातारा गेला! खरं कोणीच गेलं नाही हो काकू, टीव्हीतला सासरा मेला आणि आईनं त्याचं सुतक धरलंय!”

एक क्षण कोणाला कळेना. मग मामा हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. गणितवाल्यालाही फसकन हसू आलं आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. मीही हसले असते, इतकं सुटल्यासारखं वाटत होतं. फक्त त्या दोघी हसल्या नाहीत. त्याची आई दारापाशी उभी होती आणि माझी आई खुर्चीत. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या.

“काऊन धरलं, ताई?” त्या बाईने हळूच विचारलं.

आणि आई बोलली. बाबांना जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. महामारीच्या दुसऱ्या लाटेत ते हैदराबादच्या दवाखान्यात वारले, तिथेच परक्या लोकांनी त्यांना अग्नी दिला. आम्हाला आला तो नुसता फोन. आम्ही दोघी इथे तापाने फणफणत होतो, गेटला बाहेरून कुलूप. या सगळ्याबद्दल आई कधीच एक शब्द बोलली नव्हती. रडलीही नव्हती. लोक म्हणाले बाई धीराची आहे, आणि मीही तेच धरून चालले होते.

“माह्या माणसाचं म्या काहीच नाही पाह्यलं,” आई म्हणाली. “तोंड नाही पाह्यलं, तिरडी नाही, काही नाही. फोन आला थ्या दिवशी हे पोरगी तापानं जळून राह्यली होती. काही खाईना. म्या उठली आन् वरणाले फोडणी देल्ली. माणूस गेला थ्याच दिवशी! मोहरी तडतडली न, तवाच माह्या मनात बसलं. पिठलं-भाकर घेऊन कोणी दारात आलं नाही. येतील कसे, सारेच कोंडलेले. सुतकच नाही पाळलं त्यायचं. मंग परवा ह्या म्हाताऱ्याचं सारं दाखवलं. पाणी पाजलं, खांदा देल्ला. म्या म्हटलं, ह्याच्यासंगं त्यायचंही करून टाकू. खोटं त खोटं.”

मामाचं हसू तोंडावरच वाळलं. मला ते वरण आठवत होतं. त्या तापात तेवढी एकच गोष्ट तोंडाला चव लावून गेली होती. मी दोन वाट्या प्यायले होते आणि अजून मागितलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून खाली बसले. पुढच्या भागात परत येणाऱ्यांवर मी इतकी वर्षं चिडत आले. आमच्या घरातला माणूस गेल्यावर धड गेलासुद्धा नव्हता, हे मला कोणीतरी चपराक मारून सांगावं तसं झालं.

आई रडायला लागली. तोंड झाकून नाही, पाहुण्यांसमोर, मोठ्याने, बायका मयतीला रडतात तशी. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. उठून जवळ जावं हेही मला सुचलं नाही. तो गणितवाला उभा राहिला होता आणि हातांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

त्याच्या आईने पिशवी मिटली. सुपारी आतच होती. मी पाहिलं आणि मनातल्या मनात हात जोडले. संपलं. कोण अशा घरात मुलगा देतं? टीव्हीचं सुतक धरणारी विहीण कोणाला हवी असते? मला त्या बाईचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही निघाले असते.

“सुपारी आज फुटत नाही,” ती मामाला म्हणाली. “सुतकात चालत नाही. तेरवी झाली की येऊ आमी.”

मग तिने पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि माझ्या अंगावरून ओलांडून स्वयंपाकघरात शिरली. डबे उघडून पाहायला लागली. मी तशीच बसून वर बघत होते.

“बेसन कोन्त्या डब्यात ठेवता व पोरी?” तिने विचारलं.

“काकू, तुमी कायले... मी करतो ना,” मी धडपडत उठले.

तिने मला हाताने मागे सारलं.

“तू बस मायपाशी. सुतकाच्या घरची चूल घरच्याइनं नाही पेटवाची. सोयऱ्यांनी पेटवाची असते.”