धुरात चाललेली मोठी आई

एका हिवाळ्यात आम्ही हिमाचलात गेलो होतो. गाडीला समोरून बसवायचा आमचा रडार सेन्सर बर्फात तपासायचा होता. भुरभुर बर्फात समोरचा माणूस नीट दिसला. ओला बर्फ झाकणावर थापला गेला तसा सेन्सर आंधळा झाला. झाकण गरम ठेवायला हवं, एवढं शिकून पुण्याला परतलो.

मग राहिली धुराची चाचणी. विकतच्या धूरकांड्या मिनिटभरात विरायच्या. शेवटी मी साहेबांना म्हटलं, "आमच्या गावाला, एकोडीला चला. धान निघालंय, बांध्या मोकळ्या आहेत."

कापणी झालेल्या शेतात, बांधीत, गाडी उभी करून आम्ही तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पेटवली. नुसता जाळ झाला. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, बांधावरून बघत होती.

"जाळ काहून करून राहिले? धूर पाहिजे ना तुमाले?"

तिनं गोवऱ्यांचे निखारे आणले, वर ओली तणस दाबली. गोठ्यात डासांसाठी ती रोज हेच करते. थोड्याच वेळात पांढरा, दाट धूर बांधीभर पसरला. त्यातून चालायला गेलेला आमचा सहकारी खोकतच परतला.

"मी जातो. मले सवय आहे," म्हणत तिनं पदर नाकाला लावला. मी नको म्हणेपर्यंत ती आत शिरलीसुद्धा.

गाडीतल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसतं पांढरं. रडारवर मात्र एक ठिपका हळूहळू पुढे सरकत होता. अचानक तो नाहीसा झाला. मी गाडीतून उडी मारून ओरडले, "मोठी आई!"

"काही नाही वं! पदर अटकला तुराटीले!"

तुरीच्या वाळल्या काडीतून पदर सोडवून ती चालू लागली आणि ठिपका परत उमटला. थांबलेल्या माणसाला आमचा सेन्सर निर्जीव वस्तू समजून गाळतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते दुरुस्त करायला पुढचे कित्येक महिने गेले, पण झालं.

पडद्यावरचा ठिपका दाखवला तर ती म्हणाली, "एवढीशीच दिसतो मी?" आणि खूप हसली. संध्याकाळी ती खोकायला लागली तेव्हा मला फार लाज वाटली. आल्याचा चहा करून दिला. "चहा बरा जमला तुले," एवढंच बोलली.

अहवालात 'स्थानिक मदत' इतकंच लिहिता आलं. पण ती चूक कुणामुळे सापडली, हे मी नव्या माणसांना आवर्जून सांगते.